पाऊण डॉलरचा फरक आणि लेखाशास्त्राचा नवा प्राध्यापक

अमेरिकेतील व्यवस्थापन विद्यालयांच्या लेखाशास्त्र विभागांत अलीकडे वेगळ्या वाटेने आलेले प्राध्यापक दिसू लागले आहेत. त्यांची उमेदीची वर्षे ताळेबंद तपासण्यात गेलेली नसतात. बँकेच्या किंवा मोठ्या कंपनीच्या संगणकजाळ्यात कोण शिरले, कोठून शिरले आणि काय घेऊन गेले याचा माग काढण्यात ती गेलेली असतात. सायबर सुरक्षेतील ही कारकीर्द पाठीशी घेऊन ते आता वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना लेखापरीक्षण आणि अंतर्गत नियंत्रण शिकवत आहेत. आपल्याकडच्या एखाद्या वाणिज्य महाविद्यालयात असा माणूस नोकरीसाठी आला, तर 'संगणक विभाग पलीकडच्या इमारतीत आहे' असेच त्याला बहुधा सांगितले जाईल.

हा बदल केवळ तिकडच्या विद्यापीठांचा विषय नाही. गोव्यात नागरी सहकारी बँका, पतसंस्था, ग्राहक सोसायट्या, देवस्थाने आणि पंचायती यांच्या कारभारावर हजारो कुटुंबांचा पैसा आणि विश्वास अवलंबून आहे. यांतील बहुतेकांच्या वह्या गेल्या दोन-अडीच दशकांत कपाटातून संगणकात गेल्या. वह्या तपासणाऱ्यांचे शिक्षण मात्र बऱ्याच अंशी कपाटातल्या वहीचेच राहिले. संगणकाने छापून दिलेला कागद बरोबर आहे की नाही, हे त्या कागदावरील बेरीज पाहून ठरत नाही. तो कागद कोणत्या वाटेने तयार झाला हे कळावे लागते. ही वाट शिकवणार कोण, हा या लेखाचा विषय आहे.

फरक किती आणि फरक का

हिशेब आणि सायबर सुरक्षा यांची गाठ किती जुनी आहे, हे सांगणारी एक प्रसिद्ध घटना १९८६ सालची आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराचे तास मोजून त्याचे पैसे संबंधित विभागांना लावले जात. एका महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा, फरक आला. हा फरक शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आले. ते तेव्हा प्रयोगशाळेच्या संगणक विभागात नव्याने रुजू झाले होते. कोणी तरी काही सेकंद संगणक वापरला होता आणि त्याचे पैसे लावायला खातेच नव्हते. स्टोल यांनी तो धागा सोडला नाही. अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरातल्या मार्कुस हेस या तरुणापर्यंत पोहोचला. अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून मिळवलेली माहिती सोव्हिएत गुप्तचर संस्थेला, केजीबीला, विकण्याचा तो उद्योग होता.

ही घटना सायबर सुरक्षेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. वाणिज्याच्या वर्गात ती सांगण्याचे कारण निराळे आहे. लेखापरीक्षणात 'महत्त्वाचे किती' याला एक शास्त्र आहे. कोट्यवधींच्या उलाढालीत काही रुपयांचा फरक आला, तर तो किरकोळ खाती टाकून परीक्षक पुढे जातो, आणि ते योग्यही आहे. प्रत्येक रुपयाच्या मागे धावणारे लेखापरीक्षण कधीच पूर्ण होणार नाही. सायबर सुरक्षेत घडलेल्या माणसाला मात्र लहान फरक वेगळा दिसतो. फरकाचा आकार लहान आहे याचा अर्थ त्यामागचे कारण लहान आहे, असा होत नाही, हे त्याने अनुभवलेले असते. चोर मोठी रक्कम नेण्याआधी लहान रक्कम नेऊन वाट चाचपतो.

जुन्या मराठी हिशेबी परंपरेत यासाठी 'रुजवात' हा नेमका शब्द आहे. एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीशी, माणसाच्या तोंडच्या हकिकतीशी आणि प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहायची. फरक निघाला की तो कोठून आला हे विचारायचे. वही संगणकात गेली तेव्हा रुजवातीची गरज संपली, असा समज कळत-नकळत रूढ झाला. संगणक बेरीज चुकत नाही, म्हणून तो खोटेही सांगत नाही, असे मानले गेले. गेल्या दहा वर्षांतील मोठ्या आर्थिक सायबर चोऱ्या नेमक्या याच समजावर उभ्या आहेत.

वहीलाच फसवणाऱ्या चोऱ्या

४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांतून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठवण्याचे ३५ आदेश गेले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर होती. आंतरराष्ट्रीय बँकांमध्ये संदेश नेणाऱ्या 'स्विफ्ट' जाळ्यातून हे आदेश रीतसर गेले. बहुतेक आदेश अडले. तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. श्रीलंकेत गेलेले २ कोटी डॉलर परत मिळाले, कारण लाभार्थी संस्थेच्या नावातील 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि एका बँकेला शंका आली.

यात सर्वांत बोलका तपशील छपाईयंत्राचा आहे. ढाक्यातील त्या कार्यालयात स्विफ्टचे व्यवहार आपोआप छापले जात आणि कर्मचारी रोज ते कागद पाहत. चोरांनी घुसवलेल्या प्रणालीने व्यवहारांच्या नोंदी पुसल्या आणि ही छपाईही बंद पाडली. शुक्रवारी, बांगलादेशाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, यंत्र चालत नाही असे दिसले आणि ते यंत्राचे दुखणे मानले गेले. पैसे चोरणाऱ्यांना बँकेची रुजवात कोठे होते हे ठाऊक होते. त्यांनी आधी तिचा गळा दाबला. तिजोरीची भाषा त्यांना येत होती, तशी हिशेबाचीही येत होती.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे काढताना यंत्राकडून विचारणा एका मधल्या सर्व्हरकडे जाते. तो बँकेच्या मुख्य प्रणालीला 'या खात्यात शिल्लक आहे का' असे विचारतो आणि होकार आला की नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी या मधल्या सर्व्हरच्या जागी स्वतःचा बनावट सर्व्हर उभा केला. तो मुख्य प्रणालीला काही न विचारता परस्पर होकार देत राहिला. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांच्या आधारे सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. देशातूनही सुमारे अडीच कोटी गेले. दोन दिवसांनी स्विफ्टद्वारे हाँगकाँगमधील एका खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये वळवले गेले. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले.

त्या काही तासांत ग्राहकांच्या खात्यांतील शिल्लक जशीच्या तशी होती. कोणत्याही ठेवीदाराच्या खात्यावर खर्च पडला नव्हता, कारण ज्या वहीत तो पडायचा त्या वहीपर्यंत व्यवहार पोहोचलाच नव्हता. मुख्य प्रणालीतील खतावणी त्या वेळी तपासणाऱ्याला सारे जुळलेलेच दिसले असते. फरक दिसण्याची जागा वेगळी होती: एटीएममधून बाहेर पडलेली रोकड, कार्डजाळ्याकडून आलेला जमाखर्च आणि बँकेची स्वतःची नोंद या तिघांचा मेळ. हा मेळ दुसऱ्या दिवशी घालायचा की तासातासाला, हा हिशेबाचा निर्णय आहे. तो घेणाऱ्याला मधल्या सर्व्हरची रचना ठाऊक नसेल, तर मेळ कोठे घालायचा हेच कळणार नाही.

कुलूप न तोडता

बाहेरचा हल्लेखोर नसतानाही हेच भगदाड पडते. २०१८ च्या सुरुवातीला उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून वर्षानुवर्षे भारतीय बँकांच्या परदेशांतील शाखांना हमीपत्रे जात होती. स्विफ्टवर संदेश जाई. मुख्य बँकिंग प्रणालीत त्याची नोंद होत नसे. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. तपासणाऱ्याने मुख्य प्रणाली कितीही बारकाईने पाहिली असती, तरी जी नोंद तेथे नव्हतीच ती त्याला दिसली नसती. हे प्रकरण १३ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले. त्यानंतर दोन्ही प्रणाली ठरावीक मुदतीत जोडाव्यात, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला.

तिसरा प्रकार याहून साधा आहे. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एका माणसाने गूगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. त्यासाठी त्याला त्यांच्या तिजोऱ्या फोडाव्या लागल्या नाहीत. या कंपन्या तैवानच्या ज्या उत्पादकाकडून माल घेत, त्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन त्याने बनावट बिले आणि ईमेल पाठवले. देणी चुकवणाऱ्या विभागाने ती प्रामाणिकपणे चुकवली. जगातील सर्वांत प्रगत तंत्रज्ञान कंपन्यांच्या संगणकतज्ज्ञांना टाळून हा हल्ला लेखा विभागाच्या टेबलावर झाला. 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे नव्या खात्यात पाठवा' असा ईमेल आज म्हापशातल्या किंवा मडगावातल्या कोणत्याही व्यापाऱ्याला येऊ शकतो. तो वाचणारा माणूस हिशेबनीसच असतो.

या तिन्ही प्रकारांत लेखाशास्त्राची जुनीच तत्त्वे मोडली. ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली त्याच्या हाती वही नसावी, प्रत्येक देण्याला स्वतंत्र दुजोरा असावा, दोन वह्यांची रुजवात तिसऱ्याने घालावी, हे नियम संगणकाच्या कितीतरी आधीचे आहेत. ते मोडले कोठे आणि कसे, हे मात्र संगणकाची रचना कळल्याशिवाय दिसत नाही.

कायदा काय मागतो

सायबर नियंत्रण हे हिशेबाचे नियंत्रण आहे का, या प्रश्नावर अमेरिकेत अलीकडेच मोठा कायदेशीर झगडा झाला. सोलरविंड्स या कंपनीच्या संगणकप्रणालीच्या अद्ययावत आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड मिसळल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले. ही आवृत्ती सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचली असण्याची शक्यता वर्तवली गेली. त्यांत अमेरिकी सरकारची महत्त्वाची खातीही होती. तेथील भांडवल बाजार नियामकाने, 'एसईसी'ने, ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीवर दावा लावला. कंपन्यांनी 'अंतर्गत लेखा नियंत्रणे' ठेवावीत असे जुना कायदा सांगतो. कमकुवत पासवर्ड आणि ढिली सुरक्षा हा त्याचाच भंग आहे, असा एक युक्तिवाद त्यात होता. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला. कायद्यातील हे शब्द आर्थिक व्यवहारांच्या लेखांकनापुरते आहेत, असा त्या निकालाचा आशय आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियामकाने उरलेला दावाही मागे घेतला.

निकाल कायद्याच्या शब्दांपुरता पटण्याजोगा आहे. प्रत्येक पासवर्डला लेखा नियंत्रण म्हणू लागलो, तर त्या संज्ञेला अर्थच उरणार नाही. पण कोणता पासवर्ड हिशेबाच्या सत्यतेवर परिणाम करतो आणि कोणता करत नाही, हे ठरवणारा माणूस तरीही लागतोच. न्यायालयाने रेषा आखली. ती प्रत्यक्ष कार्यालयात कोठून जाते हे लेखापरीक्षकानेच शोधायचे आहे. शिवाय २०२३ पासून अमेरिकेतील नोंदणीकृत कंपन्यांना, एखादी सायबर घटना गुंतवणूकदारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे असे ठरल्यापासून कामकाजाच्या चार दिवसांत ती जाहीर करावी लागते. ती 'महत्त्वाची' आहे की नाही, हा पुन्हा हिशेबाचाच प्रश्न आहे.

भारतातही नियम याच दिशेने गेले आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखांकन प्रणालीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे आणि ती नोंद बंद करता न येणे सक्तीचे आहे. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावे लागते. पहिल्याच वर्षी अनेक कंपन्यांच्या अहवालांत, वरच्या थरात ही सोय आहे पण खालच्या डेटाबेसच्या पातळीवर नाही, अशा आशयाचे शेरे आले. वरच्या खिडकीतून केलेला बदल दिसतो, मागच्या दाराने केलेला दिसत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा संभाव्य दंड ताळेबंदात कसा दाखवायचा, हे सायबर तज्ज्ञ एकटा सांगू शकत नाही आणि सनदी लेखापालही एकटा सांगू शकत नाही.

मेरीलँडचे दोन प्राध्यापक

या दोन शास्त्रांची जोडणी उलट्या दिशेनेही झाली आहे. मेरीलँड विद्यापीठातील लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोब हे मूळचे लेखाशास्त्राचे प्राध्यापक. गॉर्डन यांच्या अध्यासनाच्या नावातच व्यवस्थापकीय लेखांकन आणि माहिती सुरक्षा हे दोन्ही विषय आहेत. २००२ मध्ये या दोघांनी एक साधा वाटणारा प्रश्न गणिताने मांडला: माहितीच्या सुरक्षेवर संस्थेने किती खर्च करावा? त्यांचे उत्तर आज 'गॉर्डन–लोब प्रतिमान' म्हणून ओळखले जाते. काही ठरावीक गृहीतके मानली, तर हा खर्च अपेक्षित नुकसानीच्या सुमारे ३७ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे ते सांगते.

समजा, एका पतसंस्थेची प्रणाली फोडली गेल्यास १ कोटी रुपयांचे नुकसान संभवते आणि वर्षभरात तसे होण्याची शक्यता शंभरात वीस आहे. अपेक्षित नुकसान झाले २० लाख. मग ती जोखीम कमी करण्यासाठी करायचा खर्च साधारण ७ लाख ३६ हजारांच्या आत राहावा. ही कमाल मर्यादा आहे. योग्य खर्च त्याहून बराच कमीही असू शकतो. प्रतिमानाचा दुसरा निष्कर्ष याहून अनपेक्षित आहे: सर्वांत कमकुवत जागीच सारा पैसा घालणे नेहमी शहाणपणाचे नसते. मध्यम कमकुवत जागा थोड्या खर्चात पक्की होत असेल, तर आधी तिकडे लक्ष द्यावे.

संचालक मंडळापुढे हे सूत्र फार उपयोगी ठरते, कारण 'सुरक्षेवर किती खर्च पुरेसा' या प्रश्नाला एरवी विक्रेत्याचे भय दाखवणारे उत्तर मिळते किंवा खजिनदाराचे हात झटकणारे. मात्र सूत्रातील 'शंभरात वीस' हा आकडा लेखाशास्त्र देत नाही. आपल्यासारख्या संस्थांवर कोणते हल्ले होतात, आपल्या प्रणालीत कोणती दारे उघडी आहेत, हे पाहिलेल्या माणसाकडूनच त्याचा अदमास मिळतो. गॉर्डन आणि लोब हिशेबाकडून सुरक्षेकडे गेले. आता सुरक्षेकडून हिशेबाकडे येणारा प्राध्यापक ही वाट दुसऱ्या टोकाकडून पूर्ण करतो.

वर्गात नेमके काय बदलते

अमेरिकेत या बदलाला परीक्षेचाही रेटा आहे. जानेवारी २०२४ पासून तेथील सीपीए परीक्षेत तीन अनिवार्य प्रश्नपत्रिकांबरोबर तीनपैकी एक विशेष विषय निवडावा लागतो. त्यांतील एक 'माहितीप्रणाली आणि नियंत्रणे' हा आहे. परीक्षेत विषय आला की शिकवणारा शोधावा लागतो. भारतात सनदी लेखापाल संस्थेची माहितीप्रणाली लेखापरीक्षणाची स्वतंत्र पदविका आहे, पण ती पात्र झालेल्या सदस्यांसाठी आहे. संस्थेच्या २०२३ च्या नव्या शिक्षण योजनेत इंटरमिजिएट स्तरावरील माहितीप्रणालीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका राहिली नाही. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला संगणक म्हणून जे शिकवले जाते, ते बहुतेक वेळा लेखांकन प्रणालीत नोंद कशी करायची एवढेच असते. नोंद कशी बदलली जाऊ शकते, हे शिकवले जात नाही.

सायबर सुरक्षेतून आलेला शिक्षक येथे फरक घडवू शकतो. बँक जुळवणी पत्रक शिकवताना तो विचारील की हे दोन्ही आकडे एकाच संगणकातून आले असतील, तर ही जुळवणी कशाची? वापरकर्त्यांची यादी समोर ठेवून तो दाखवील की नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचे खाते अजून चालू आहे आणि त्याच खात्यातून रात्री अकरा वाजता मंजुरी गेली आहे. पुरवठादाराचे खाते बदलण्याची विनंती आली, तर त्याच ईमेलला उत्तर न देता आधीपासून आपल्याकडे असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करावी, हे तो सवयीत उतरवील. या गोष्टींसाठी संगणकाची भाषा लिहिता येण्याची गरज नाही. वाणिज्याच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्या सहज समजतील.

गोव्यापुढील प्रश्न

जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, गोवा सरकारच्या जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेच्या सर्व्हरवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. नद्यांवरील केंद्रांतून येणारी माहिती कुलूपबंद झाली आणि ती सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. अशी यंत्रणा सरकारी दप्तरात मालमत्ता म्हणून नोंदली जाते. तिच्या रक्षणाचा वार्षिक खर्च, तिच्या माहितीची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती परत उभी करून पाहिली का, हे प्रश्न लेखापरीक्षेच्या प्रश्नावलीत असायला हवेत.

सहकार क्षेत्राचे प्रश्न याहून नाजूक आहेत. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बन बँकेचा २०२१ मध्ये रद्द झाला. त्यांची कारणे आर्थिक होती, सायबर हल्ल्याशी त्यांचा संबंध नव्हता. पण बँक बंद पडते तेव्हा निवृत्त शिक्षकाच्या आणि बाजारातल्या विक्रेत्या बाईच्या घरात काय होते, हे गोव्याने त्या वेळी जवळून पाहिले. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची प्राथमिक आणि २०१९ च्या अखेरीस विस्तृत, स्तरवार चौकट घालून दिली. सहकार निबंधकांच्या अखत्यारीतील पतसंस्थांना ती लागू नाही. बदलांची नोंद ठेवण्याची कंपन्यांवरील सक्तीही त्यांना किंवा देवस्थानांना लागू नाही. म्हणजे जेथे तंत्रज्ञ ठेवण्याची ऐपत सर्वांत कमी, तेथेच नियमांचे छत्रही सर्वांत तोकडे आहे. अशा ठिकाणी लेखापरीक्षक हाच बहुधा वर्षातून एकदा येणारा एकमेव बाहेरचा डोळा असतो.

हा डोळा तयार करण्यासाठी नवी इमारत किंवा नवे विद्यापीठ लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला, पीएच.डी. नसली तरी, ठरावीक मुदतीसाठी प्राध्यापक नेमता येते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत करता येतात. बंगळूर, पुणे किंवा आखातातील बँकांच्या सुरक्षा विभागांत काम केलेले आणि आता घरी परतू इच्छिणारे गोमंतकीय आहेत. फोंड्यात राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे संकुल आहे. गोवा विद्यापीठाचे व्यवस्थापन विद्यालय आणि वाणिज्य महाविद्यालये यांनी मिळून असा एक-एक प्राध्यापक दोन-तीन महाविद्यालयांत वाटून घेतला, तर खर्चही विभागला जाईल.

आक्षेपांचे वजन

या सूचनेवर काही रास्त आक्षेप आहेत. पहिला वेतनाचा. सायबर सुरक्षेत अनुभवी माणसाला खासगी क्षेत्र जे देते ते महाविद्यालय देऊ शकत नाही. म्हणूनच पूर्णवेळ नेमणुकीऐवजी कारकिर्दीच्या उत्तरार्धातील व्यक्ती किंवा अर्धवेळ अध्यापन ही व्यवहार्य वाट आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्याला साधी रोजकीर्द नीट लिहिता येत नाही, तेथे हे नवे ओझे कशाला? पण प्रस्तावित आहे ते ओझे नाही, शिकवण्याची पद्धत आहे. कॉसमॉस बँकेचा प्रसंग फळ्यावर मांडताना जमा, नावे, मधले खाते आणि जुळवणी या संकल्पना पक्क्या झाल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दुहेरी नोंद पद्धतीचे मर्म कोरड्या उदाहरणापेक्षा अशा प्रसंगातून लवकर उमगते.

तिसरा आक्षेप अशा प्राध्यापकाविषयीच आहे, आणि तो मान्य करायला हवा. आयुष्यभर हल्ले परतवलेल्या माणसाला सगळीकडे हल्लाच दिसण्याची शक्यता असते. व्यवसायात काही जोखीम जाणूनबुजून स्वीकारावी लागते. कुलपे इतकीही नसावीत की दुकानच उघडता येऊ नये. हे प्रमाण लेखाशास्त्र शिकवते. म्हणून अशा व्यक्तीने जुन्या लेखाशिक्षकाची जागा घ्यावी असे येथे सुचवलेले नाही. दोघांनी मिळून एक विषय शिकवावा, एकाने 'फरक किती' विचारावे आणि दुसऱ्याने 'फरक का' विचारावे, आणि परीक्षेत दोन्ही प्रश्नांना गुण असावेत.

दरवर्षी पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांत लेखापरीक्षकाचा अहवाल वाचला जातो, टाळ्या पडतात आणि लाभांश जाहीर होतो. यापुढील सभेत एखाद्या सभासदाने उठून तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. आपल्या प्रणालीत जुनी नोंद बदलण्याचा अधिकार किती जणांना आहे? बदल केल्याची नोंद राहते का? ती गेल्या वर्षभरात कोणी वाचली? उत्तर देणारा परीक्षक ज्या महाविद्यालयातून शिकून येईल, तेथील वर्गात हे प्रश्न आधी विचारले गेलेले असावेत. त्या वर्गातील अध्यापनाची जबाबदारी आजच्या विद्यापीठाची आणि महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांची आहे.